शेपटीवर ठिपका असलेला

नाही हो, तो नको — तो फार मोठा आहे, लगेच कळेल. मला बोटाएवढाच हवा, केशरी, आणि शेपटीवर पांढरा ठिपका. बाकीचे पाच कसलेही द्या, पण ठिपकेवाला एक हवाच. शुक्रवारी दिला होतात ना, तसाच. — एवढ्यात परत कशाला? अहो, असतात एकेकाच्या आवडी. आमच्या प्लांटवर एक डॉक्टरबाई येतात — गोळ्या देणाऱ्या नव्हेत, शेवाळावर अभ्यास केलेल्या — त्यांचा तो लाडका. उद्या नऊला येणार आणि टाकीवर वाकून आधी त्यालाच शोधणार.

हसू नका. तुम्हाला वाटत असेल, शेवाळ म्हणजे पाय घसरायची वस्तू. बाई ते हौदात वाढवतात, वाळवतात, बंद भट्टीत भाजतात — जाळायचं नाही हं, हवा लागू न देता भाजायचं — की त्याचा असा काही भुसभुशीत कोळसा होतो, रंगाच्या कारखान्याचं लालभडक पाणी वरून सोडा, खालून काचेसारखं येतं. रंग तर जातोच, पण डोळ्यांना न दिसणारं विषही तो धरून ठेवतो. पहिल्या वर्षी पाहुणे आले की मी त्यांच्यासमोर ते पाणी ग्लासभर प्यायचो. खरंच. छाती फुगायची माझी. शेवटच्या टाकीत मासे सोडायचे, हीसुद्धा माझीच कल्पना — म्हटलं, अहवाल कोण वाचतो, मासा पोहताना दिसला की झालं.

फक्त तो कोळसा दर नऊ दिवसांनी बदलायचा. भरला की भरला, पोट भरल्यावर माणूसही ताट सरकवतोच ना. आणि तरी वरून पाणी सोडत राहिलं, की धरलेलंही सोडायला लागतो. बाईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. पण भट्टी बिघडली, साहेब म्हणाले पंधरा दिवस चालवून घ्या, मग म्हणाले महिनाभर — आणि पाणी अजून काचेसारखंच दिसतं हो. मी वहीत ‘बदलला’ लिहितो, खाली सही करतो. — किती दिवस झाले? तुम्हाला काय करायचंय... चार महिने. नमुन्याच्या बाटल्या मी घरून भरून नेतो. आता बघताय काय असे? मला नोकरी करायची आहे.

मासे ना? आधी दोन-दोन महिने टिकायचे. मग आठवडा. शुक्रवारचे तुमचे दुपारी सोडले, संध्याकाळी सगळे वर तरंगत होते. ठिपकेवाला सगळ्यात शेवटी. खरं सांगू, तेव्हापासून मला त्या टाकीकडे बघायची भीती वाटते. म्हणून तर उद्या साडेआठला सोडणार, आधी नाही. बाई अर्धा तास बघतात, म्हणतात, बघा कसा रमलाय इथे. उद्या त्यांनी हो म्हटलं की सोमवारी लाइन वस्तीला जोडायची — नाल्यापलीकडच्या. लांब आहे इथून.

हो, तोच, तोच धरा. बरोबर. — हा दारातला निळा पाइप कधी बसवला? मघाशी दिसला नाही मला. ... गेल्या आठवड्यात. सगळ्या गल्लीत? आणि पाणी कधी सोडतो म्हणाले?

सोमवारी. अच्छा.

वरच राहता ना तुम्ही, सगळे? हं. नाही, सहज विचारलं. बरं, या माशांना पाणी कुठलं घालता — बोअरचं? मग एक करा, नवीन नळ आला तरी यांना बोअरचंच घालत जा. तुमचे मासे चांगले असतात, म्हणून सांगतो.

घरच्यांना?

पिशवीला गाठ मारा हो. नीट मारा. मला उशीर होतोय.