आणखी एकच वर्ष, विल्फ्रेड

सन्माननीय अध्यक्ष श्री. रोलंड हेग, व्यासपीठावर पाहुण्या म्हणून लाभलेल्या आपल्या ग्रंथपाल श्रीमती पॉलीन जॅगर, आजचे सत्कारमूर्ती श्री. विल्फ्रेड सग्डन, कार्यकारिणीतले माझे सहकारी आणि टॉडमॉर्डन शब्दकोडे मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो! मागच्या रांगेत ज्यांनी आत्ताच चहाचे कप उचललेत, त्यांनाही माझा नमस्कार. तो चहा खरं तर भाषणांनंतर होता.

अध्यक्ष मघाशी मला म्हणाले, "हेस्टर, दहा मिनिटंच हं. आणि जरा आनंदी बोल." दहा मिनिटांचं मी बघते. दुसऱ्याची खात्री देत नाही. चौदा वर्षं मी या मंडळाची चिटणीस आहे आणि त्यातली शेवटची तीन वर्षं मी एकच काम केलं, ते म्हणजे विल्फ्रेडच्या जागी माणूस शोधणं. शोधून शोधून माझ्या नाकी नऊ आले. आज माणूस मिळालाय, म्हणून मी फुलं घेऊन इथे उभी आहे. पण खरं सांगते, मला सगळ्यात जास्त काय हवं असेल तर ती बसायला खुर्ची.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं कोडं दर महिन्याच्या एक तारखेला निघतं. लोक ते सोडवून टपालाने पाठवतात. महिन्याला दीडशे-एकशे साठ पाकिटं येतात आणि ती सगळी येतात विल्फ्रेडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तेहतीस वर्षं! प्रत्येक चौकोन न् चौकोन त्यांनी डोळ्यांखालून घातला. तोही हिरव्या पेन्सिलीने. मी एकदा विचारलं, "लाल का नाही?" तर म्हणाले, "लाल पाहिलं की माणूस परत शाळेत जातो, पोरी. तिथून बाहेर पडायला त्याला किती वर्षं लागली असतील!" एकसष्ट वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा माणूस आता आमच्या गावात हा एकच उरलाय.

बरं, नुसती चूक दाखवून थांबतील तर ते विल्फ्रेड कसले! प्रत्येक पाकिटात परत जाताना चिठ्ठी. "या वेळी एकाच घराने चुकलात. मांजर कशी आहे?" असं. लोकही कमी नाहीत. कुणी कोड्याबरोबर बियाणं पाठवायचं, कुणी नातवाचा फोटो. एका बाईंनी तर आलुबुखारांच्या मुरांब्याची बाटली पाठवली. ती वाटेत फुटली. विल्फ्रेडनी त्या महिन्याची चाळीस कोडी ओल्या फडक्याने पुसून, दोरीवर वाळत घालून तपासली. त्या बाई इथे बसल्या आहेत. घाबरू नका, नाव घेत नाही.

तर अशा माणसाच्या जागी कुणाला बसवायचं? अडचण कुठे होती, ती तुम्हाला ठाऊक आहे. तपासनिसाकडे उत्तर आधीच येतं, बंद पाकिटात. त्यामुळे आपल्या नियमाप्रमाणे तपासनिसाला स्पर्धेत भाग घेता येत नाही. आणि आपल्याकडे माणसाची किंमत होते ती त्याचं कोडं सलग किती महिने बिनचूक आलं यावरून. मी ज्या ज्या हुशार माणसाकडे गेले, त्याची अशी एक लांबलचक साखळी होती आणि ती तोडायची त्याची तयारी नव्हती. श्री. बर्ट्रम ऑगडन, नऊ वर्षं बिनचूक. त्यांच्या दारात मी तीनदा उभी राहिले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "अहो बाई, मूत्रपिंड मागा. एक देतो. पण हे मागू नका." हसा, हसा. मीही हसले होते. मग पावसात बसथांब्यावर उभी राहून रडले, ते त्यांना माहीत नाही. आता झालं.

मला रडू का आलं, ते आज सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये विल्फ्रेड माझ्या लोकरीच्या दुकानात आले. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "हेस्टर, एनिडचं हृदय आता फार चालणार नाही म्हणतात. तिला फायली गावाला जायचंय, समुद्रावर. तिच्या बहिणीचं घर रिकामं आहे. माझ्या जागी कुणी बघशील का?" मी म्हटलं, "बघते ना! पण माणूस मिळेपर्यंत आणखी एकच वर्ष, विल्फ्रेड." ते म्हणाले, "बरं."

पुढच्या एप्रिलला परत आले. मी परत तेच म्हटलं. ते परत "बरं" म्हणाले. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे काही मागताना किती जपून मागावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर शिकवायला कशाला हवं होतं?

तिसऱ्या वर्षी मी लाजेखातर स्वतःच त्यांच्या घरी गेले, केक घेऊन. एनिड खिडकीपाशी बसल्या होत्या, पायांवर शाल. मला बघून म्हणाल्या, "आलीस? म्हणजे कुणी मिळालं नाही वाटतं. अगं, तुमची ही कोडी म्हणजे माझी सवत झाली आहे बघ. बरं, सवत एक असती तर भांडले असते. या दर महिन्याला दीडशे येतात." मी म्हटलं, "पत्रं फायलीच्या पत्त्यावर वळवता येतील." त्यावर म्हणाल्या, "खिडकीपुढे समुद्र आणि हा माझ्याकडे पाठ करून हिरव्या पेन्सिलीला टोक काढतोय! असली सुट्टी मला नको." आणि मग विल्फ्रेड चहा करायला आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "एक उन्हाळा पुरे आहे मला. जास्त मागत नाही." मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "या वर्षी नक्की."

फेब्रुवारीत एनिड गेल्या. फायलीला न जाता.

दफनानंतर याच सभागृहात चहा होता. आत स्वयंपाकघरात डोरीन ॲक्रॉइड सँडविचला लोणी लावत होत्या आणि मी काकडी चिरत होते. डोरीन तिकडे कोपऱ्यात बसल्या आहेत. उठू नका डोरीन, सगळे ओळखतात तुम्हाला. बावीस वर्षं त्या कोडं पाठवतात आणि बावीस वर्षांत त्यांचं एकही बिनचूक आलेलं नाही. दोन-तीन घरं तरी हमखास चुकणार. मी बोलता बोलता म्हटलं की तीन वर्षं मी उंबरे झिजवले, कुणी तयार होईना. डोरीनचा हात थांबला. "मला का नाही विचारलंस?"

मला हसू आलं. अशा दिवशी! मी म्हटलं, "अहो डोरीन, तुमचं स्वतःचं कोडं तरी..."

"सोडवायचं नाहीये ना पण? उत्तर हातात देतात ना? मग त्यात एवढं डोकं कशाला लागतं? बिस्किटाच्या कारखान्यात तीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर बसले मी. मोडकं बिस्किट उचलायचं, चांगलं पुढे जाऊ द्यायचं. बिस्किट करता कुठे येत होतं मला?" आणि सुरीवरचं लोणी पुसत म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंस, तरी हो म्हटलं असतं. एनिडसाठी."

मित्रहो, आपण सगळी अवघड कोडी सोडवणारी माणसं. आपण समजून चाललो की चुका काढणारा माणूस कधीच न चुकणारा हवा. म्हणून जे साखळी सोडायला तयार नव्हते, त्यांच्याच दारात मी जात राहिले. जिच्याकडे सोडण्यासारखी साखळीच नव्हती, ती दर गुरुवारी माझ्या दुकानात येऊन मोज्यांची लोकर घेऊन जात होती. मी तिला सुट्टे पैसे दिले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि विचारलं मात्र नाही.

गेल्या आठवड्यात विल्फ्रेड पुन्हा दुकानात आले. "डोरीनला जड जात असेल तर राहू दे, पोरी," म्हणाले. "मी करीन. आता मला वेळच वेळ आहे." त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. फार उशिरा म्हटलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. श्रीमती जॅगर आल्या, त्यांचे आभार. सभागृह लावणाऱ्यांचे, केक करणाऱ्यांचे, डोरीनचे आणि तेहतीस वर्षं चुकत राहून विल्फ्रेडना काम पुरवणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार.

शेवटी वक्त्याने बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या म्हणायचं असतं. आजच्या बोलण्यात माझं काही चुकलं असेल, तर ते तुम्ही घरी जाईपर्यंत विसराल. विल्फ्रेड, मला माफी मागायची आहे ती एका उन्हाळ्याची. ती इथे सगळ्यांसमोर मागते. आणि यावर तुम्ही नेहमीसारखं "बरं" म्हणू नका.