श्वास सोडा, बाबा!

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, बाबांनी शपथच घातलीये, आणि मी सांगणार तरी कुणाला हो, वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटत नाही... पण तुम्हाला सांगते, आता पोटात मावत नाही! बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मागे दुकानातच चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला रक्त जरा कमी पोचतंय. नेमानं वजनं उचला, रक्तपुरवठा सुधारायला मदत होईल. फक्त श्वास रोखायचा नाही हं, दाब चढतो!" अहो बाई, ज्यानं जन्मभर श्वास रोखूनच पोट भरलं, त्याला हे सांगताय? डोळ्याला भिंग, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू, जरा श्वास सोडला की स्क्रू कपाटाखाली! त्यामुळे हातात डंबेल आलं की यांचा श्वास आपोआप बंद, चेहऱ्याचा आधी टोमॅटो, मग वांगं, कपाळावरची शीर ही एवढी... आणि मी ओरडते, श्वास सोडा, बाबा!

त्यावर बाईंचा तोडगा काय, तर "मुलीशी बोलत बोलत उचला, बोलणारा माणूस श्वास कसा रोखेल?" कुणाशी बोलत? माझ्याशी! आम्ही दोघं खोलीत बसलो की भिंतीवरची घड्याळंच काय ती बोलतात! पहिल्या दिवशी विचारलं, "जेवलात?" "हो." झालं, संपलं! श्वास सोडा, बाबा!

मग मीच सुचेल ते विचारायला लागले. काल विचारलं, "दुकानात काय झालं आज?" तर हात वरखाली करता करता म्हणतात कसे, "एक घड्याळ उघडलं... आणि कुठलं चाक कुठे बसतं... आठवेचना गं... नुसताच बसून राहिलो... आईला सांगू नकोस, शपथ आहे माझी."

आणि मी? मीच श्वास रोखला! तर तेच म्हणाले, "श्वास सोड, ठमे!" वर हसले! हसण्यासारखं आहे का हे? उद्या माझं नावच आठवलं नाही तर?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मोडली तर मोडली शपथ, आज आई कामावरून आली की मी तिला सगळं सांगणार, आणि तिघंही जाणार बाईंकडे, आणि...

"ठमे, मी सुरू केलं गं!"

ऐकलंत? सुरू केलं! एकट्यानं! आणि आता बघा... आवाजच नाही... बाबा? बाबा, बोला काहीतरी! आलेऽऽ! तुम्हाला सांगते, यांच्या मेंदूपर्यंत रक्त पोचेस्तोवर माझं मात्र पार आट—