तोंडी परीक्षेतला शर्ट

विषय: इंग्रजी संभाषण वर्गाची तोंडी परीक्षा पुन्हा घेण्याबाबत.

त्याचं असं झालं. चाळीस वर्षं कचेरीत मी इंग्रजी शेरे लिहिले, पण तोंडाने कधी बोललो नाही. आता अमेरिकेतली नात येणार, तिला मराठी येत नाही, म्हणून दादरला वर्ग लावला. परीक्षेत जोडीने दुकानातलं संभाषण करायचं होतं. मी गिऱ्हाईक, दुकानदार मालतीबाई. बाईंनी जन्मभर बाजारात मासे विकलेले.

“हाउ मच इज धिस शर्ट?”

“सेव्हन हंड्रेड.”

“थ्री हंड्रेड.”

“सेव्हन हंड्रेड.”

“नो, थँक यू,” म्हणून मी निघालो. गिऱ्हाईक निघालं की दुकानदार हाक मारतो, ही आपली रीत. दारात रेंगाळलो, जिन्यात थांबलो, शेवटी रस्त्यावर पोचलो. हाक आली नाही, म्हणून परत वर गेलो.

“बाई, हाक का नाही मारलीत?”

“भाऊ, पापलेटासाठी मी कुणाला मागे बोलावला नाय, शर्टासाठी बोलावू? आपल्या वर्गातल्या सावंतांना दिला. सातशेला.”

सावंत आणि बाई पास झाले. माझ्या नावापुढे शेरा पडला: परीक्षा सोडून निघून गेले. फेरपरीक्षेचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला, इंग्रजीत. नात परवा येते. अर्ज विचाराधीन आहे.