शाल्मलीचं केळवण

भीमसेन : अगं, मटण कुकरला लावलंस? सुया म्हणजे तारेत ओवून निखाऱ्यावर भाजायचं मटण! नायजेरियात इतकी वर्षं काढली, कानोच्या रस्त्यारस्त्यावर बघितलंस की.

वसुमती : बघितलं, नाकाला पदर लावून. स्वल्प वाफ दाखवली, एकच शिट्टी. कच्चं पोटात गेलं तर? उद्या लग्न आहे पोरीचं.

भीमसेन : सुनेचं.

वसुमती : तेच ते.

भीमसेन : सासू-सासऱ्यांनी सुनेचं केळवण करायचं, तेही गच्चीवर, मटणाचं, आणि रांधणारे दोघं जन्मात अंडंही न खाल्लेले. घरमालकांना काय सांगितलंस?

वसुमती : वांगी भाजतोय म्हटलं.

भीमसेन : तरीच. मघाशी जिन्यात त्यांचा महांतेश म्हणाला, सर, वांग्याला काय वास सुटलाय!

वसुमती : तारा नीट घासल्यात ना?

भीमसेन : घासल्या. सायकलच्या तारांना आपल्या मल्हारनंच टोकं काढून ठेवलीत. येलहंक्याच्या रस्त्यावर अपघातात तो गेला, तेव्हापासून डबा उघडलाच नव्हता.

वसुमती : मसाला बघा. पेंड, सुंठ, मिरची.

भीमसेन : गावी म्हशीला घालायचो ती शेंगदाण्याची पेंड. चिरंजीवांना परदेशात जाऊन तिची गोडी लागली. आणि हे बघ, तिखट मी मुद्दाम दुप्पट घातलंय.

वसुमती : का?

भीमसेन : डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कुणाला विचारायला नको.

वसुमती : तो करायचा तसंच झालंय की नाही, आपल्याला कळणार कसं?

भीमसेन : शाल्मलीला कळेल. त्याच्या हातचं खाल्लेली ती एकटीच.

(जिन्यात नव्या बांगड्यांचा आवाज. शाल्मली गच्चीवर येते.)

शाल्मली : अय्यो, आई, खरंच केलंत? मी फोनवर सहज म्हटलं हो.

वसुमती : केळवणाला मागेल ते करायचं असतं. नवरदेव कुठाय, शंतनु?

शाल्मली : खाली, स्कूटरपाशी. वर यायचा धीर होत नाही म्हणतो.

भीमसेन : गुणी आहे. परवा मला वाकून नमस्कार केला, तर कमरेचा पेजर वाजला. म्हटलं, आशीर्वाद पोचला.

वसुमती : अहो, पुरे. तू खा गं. गरम आहे तोवर खा.

भीमसेन : काय? तसंच झालंय?

वसुमती : बोल की. शिट्टीनं बिघडलं ना?

शाल्मली : आई, मला आठवत नाहीये.

वसुमती : काय?

शाल्मली : त्याच्या हातची चव. इथंच बसायचो रविवारी. तो वारा घालायचा, मी तारा फिरवायचे. सगळं दिसतंय. चव तेवढी नाही. म्हणून तर मागितलं, वाटलं तोंडात घातलं की आठवेल. एवढ्यात विसरले मी, आणि उद्या हळद लावून उभी राहणार! नको. शंतनुला सांगते, परत जा.

भीमसेन : बैस आधी.

शाल्मली : आप्पा, तुम्ही तरी सांगा, कसं लागायचं?

भीमसेन : मी काय सांगू? तो तार पुढं करायचा, ‘आप्पा, एकच घास.’ मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

वसुमती : ती तार इकडे दे.

भीमसेन : अगं, गुरुवार आहे आज.

वसुमती : असू दे.

शाल्मली : आई, तुम्ही नका... आई, खाल्लंत!

भीमसेन : पाणी देऊ?

वसुमती : नको. हे बघ शाल्मली, आठवायचं काम आजपासून माझ्याकडे. तुझ्याजवळ असेल नसेल ते मला सांगून जा, मी जपते. तू उद्या उभी राहा. ऐकलंस?

शाल्मली : सरी, आई. उभी राहते.

भीमसेन : मग त्याला वर बोलावू?

वसुमती : बोलवा. बिचारा कधीचा उभा आहे. शाल्मली, मीठ कमी पडलंय ना गं?

शाल्मली : हो, आई. तो मीठ बरोबर घालायचा.