इंजिन तर वाचतं

टायर बदलून होईपर्यंत बाई गॅरेजच्या बाकावर मुलांचे पेपर तपासत बसल्या होत्या, पण कान काउंटरकडे होते. तिथे एक तरुणी मेकॅनिकशी बोलत होती.

“जोर वाढवायला टर्बो बसवलाय म्हणताय ना, मग इंजिन चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर काढून हा लावायचा, ताई.”

“आणि तो स्वस्तातला?”

“तो नुसता धोक्याचा दिवा लावतो. हा जातीनं लक्ष घालतो. तेलाचा दाब पडला, की इंजिन बंद.”

“दाब कधी पडतो?”

“जोरात वळण घेतलं, की तेल एका बाजूला सरकतं. तेव्हा हमखास.”

“म्हणजे गाडी भर वळणात बंद पडणार.”

“पडू दे की. इंजिन तर वाचतं.”

“आणि स्टीअरिंग?”

“जड होतं. ब्रेकसुद्धा. इंजिन बंद न करता नुसता जोर कमी करायची सोय आहे यात, पण मी ती ठेवत नाही. अर्धवट काम मला जमत नाही.”

“दादाच्या गाडीलाही नव्हती ठेवली?”

“कुठली गाडी?”

“निळी. घाटात न्यायचा ती.”

“अहो, तुम्ही त्यांच्या बहीण होय? हाच तर लावलाय त्यांच्या गाडीला. मग तुमच्याही गाडीला हाच लावू ना?”

“नकोय मला. कसा चालतो, तेवढंच विचारायचं होतं.”

“बरं. गाडी कशी आहे त्यांची?”

बाईंचं लाल पेन थांबलं.

“दादाला पत्रा कापून बाहेर काढलं. तोवर तो गेला होता. इंजिनाला ओरखडासुद्धा नाही.”