लख्ख ताटली

लेक : हलू नका ना बाबा, टेप सरकतेय.

बाबा : पण माझं माप कशाला? गुंडीचं घ्यायचं ठरलं होतं.

लेक : कुत्रीचं झालं घेऊन. छातीला दोन इंच उतरलीय.

बाबा : टेप जुनी आहे. ताणली गेलीय.

लेक : ताणलेली टेप सगळ्यांनाच बारीक दाखवेल. तुमची कंबर तर वाढलेली दाखवतेय. आणि पोट आत ओढू नका. गिऱ्हाइकांना तुम्हीच ओरडायचात ना त्यावरून?

बाबा : गिऱ्हाइकं पँट शिवायला यायची. उलटतपासणीला नाही.

लेक : पँटच बघतेय. मागची शिवण उसवून ढिली केलीत. वरचा दोरा काळा आहे, आतला करडा.

बाबा : शिंप्याच्या घरात पोरगी वाढवू नये ती यासाठी.

लेक : रात्री माझ्यासोबत जेवायला बसता आणि दोन घासांत 'भूक नाही' म्हणून उठता. भूक नसलेल्या माणसाला पँट घट्ट होते?

बाबा : वय झालं. वय झालं की माणूस हवेवरही फुगतो.

लेक : आणि रोज ताटली चाटूनपुसून लख्ख करणाऱ्या कुत्रीच्या बरगड्या दिसायला लागतात.

बाबा : आजारच तसा आहे तिचा. जबड्यात एवढी गाठ. कॅन्सरात खाल्लेलं अंगी लागत नाही, हे तूच वाचून दाखवलंस मला.

लेक : खाल्लेलं. बाबा, ताटली कोण रिकामी करतंय?

बाबा : उठली वाटतं ती. बघ जरा मशीनखाली.

लेक : झोपलीय.

बाबा : भोपळा छान शिजवतेस हं तू. अगदी मऊ.

लेक : बाबा!

बाबा : चिकनही. मीठ तेवढं नसतं.

लेक : अहो, त्यात तिची दुखण्याची गोळी असते! तरीच म्हटलं, तुमच्या गुडघ्यांची तक्रार बंद कशी झाली.

बाबा : काहीतरीच! गोळी तू लोण्यात घालून कडेला ठेवतेस ना? लोणी ती खाते. माझ्या बोटावरचं चाटून घेते. गोळी तिचीच. गुडघे आपले आपण राहिलेत.

लेक : पण कशासाठी? नाही खाल्लं तर ताटली तशीच ठेवायची. मला सांगायचं.

बाबा : सांगितलं असतं तर तू डॉक्टरांना फोन केला असतास.

लेक : केलाच असता. ते काय म्हणाले तुमच्यासमोर? खाणं सोडलं की कळवा, मग तिला ओढत ठेवण्यात अर्थ नाही.

बाबा : म्हणूनच.

लेक : दर वेळी ते विचारतात, खातेय का? मी अगदी अभिमानाने सांगते, ताटली लख्ख. ते म्हणतात, मग थांबू या. आपण थांबलोय बाबा, आणि ती तिथे कळा सोसतेय.

बाबा : मला कळत नाही का? ताटलीपाशी मीच बसतो ना रोज.

लेक : खाली बसता? तुम्ही?

बाबा : मशीनचा पाय धरून बसायचं. उठायला जरा वेळ लागतो, पण मला कुठे दुकान उघडायचंय आता. पहिला घास घेते ती. नाही असं नाही. जिभेवर ठेवते आणि माझ्याकडे बघत राहते. गिळवत नाही, टाकायलाही लाजते. मग मी म्हणतो, बरं बाई, उरलेलं मी बघतो. तेव्हा कुठे मान खाली ठेवते.

लेक : कुत्री आहे ती. ताटली परत गेली तर तिला काय वाटणार आहे?

बाबा : पिल्लू होती तेव्हा माझ्या गिऱ्हाइकाच्या कोटाची गुंडी गिळली होती. नंतर दोन दिवस त्या माणसाला बघून मशीनखाली लपायची. हिला सगळं वाटतं.

लेक : विषय बदलू नका. ही कोणती पँट?

बाबा : कोणती म्हणजे? घरातली.

लेक : करड्या दोऱ्याच्या आत अजून एका उसवलेल्या शिवणीची खूण आहे. म्हणजे ही आधीही एकदा ढिली केलीय. आई आजारी होती तेव्हा हीच घालायचात तुम्ही.

बाबा : मशीनला तेल द्यायचंय मला. तेलाची कुपी कुठे ठेवलीस?

लेक : आईचंही ताट लख्ख यायचं.

बाबा : इथेच असते कुपी.

लेक : बाबा. आईचं ताट.

बाबा : पहिला घास तीच घ्यायची. अगदी खरं. न चुकता.

लेक : आणि बाकीचं?

बाबा : म्हणायची, पोरगी पहाटे उठून करते, मग कामावर पळते. भरलं ताट तिच्या हातात परत जाता कामा नये.

लेक : मी सगळ्यांना सांगत फिरले. शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवली म्हणून. तेवढंच होतं माझ्यापाशी.

बाबा : मग खोटं काय सांगितलंस? जेवायचीच की. मी खायचो आणि ती विचारायची, कसं झालंय? नुसतं 'छान' म्हटलेलं चालायचं नाही. नीट सांगा म्हणायची. मग मी सांगायचो. आज आलं जास्त पडलंय. आज वरण घट्ट आहे. आज पोरीचं लक्ष नव्हतं, तळाला लागलंय. मिटल्या डोळ्यांनी ऐकायची, हसायची. म्हणायची, झालं माझं जेवण.

लेक : तळाला लागलेलंही सांगितलंत?

बाबा : ते तर दोनदा ऐकलं तिने.

लेक : मला का नाही सांगितलंत हे?

बाबा : कधी सांगणार होतो? तू रिकामं ताट बघून हसायचीस. नंतर, ती गेल्यावर, सांगण्यासारखं काही वाटेना. आता या पँटने घात केला.

लेक : गुंडीलाही सांगता? चवीचं?

बाबा : सांगतो. तिला मिठाचं काही पडलेलं नाही, पण ऐकून घेते.

लेक : बाबा, मी डॉक्टरांना फोन करणार आहे. आत्ता.

बाबा : हं.

लेक : खरं ते सांगणार आहे. उद्या सकाळी घरीच या म्हणेन. तिला टेबलावर नको झोपवायला. इथे, मशीनखालीच.

बाबा : सकाळी जरा उशिरा या म्हणावं. ऊन आत येतं तेव्हा. उन्हात पडायला आवडतं तिला.

लेक : सांगते. तुम्ही थांबाल ना खोलीत?

बाबा : मी कुठे जाणार? मला उठवायलाच कुणीतरी लागतं. आणि आजची ताटली?

लेक : आणते. गरमच आहे अजून. सरका थोडे. मलाही खाली बसू द्या.

बाबा : तू कशाला? कपडे खराब होतील.

लेक : होऊ देत. शिंपी आहे घरात. गुंडे, ए म्हातारे, हे घे. पहिला तुझा.

बाबा : घेतला बघ. आता बघेल माझ्याकडे.

लेक : तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघतेय. द्या तो चमचा.

बाबा : मीठ नाही हं त्यात.

लेक : माहितीये, मीच केलंय.

बाबा : मग सांग तिला. नुसतं 'छान' म्हणू नकोस.

(मशीनखाली शेपटी एकदा जमिनीवर आपटते.)

लेक : ऐक हं, गुंडे. चिकन थोडं जास्त शिजलंय. पण भोपळा आज गोड निघालाय.