आई सापडत नाहीत

वहिनी: भाऊजी, आधी तो बक्षिसाचा कप टेबलावरून खाली ठेवा. त्याच्याकडे बघत मला बोलता येत नाही.

दीर: कपाने काय घोडं मारलंय तुमचं? ‘वर्षभरात एकदाही बंद न पडलेली सेवा.’ अख्ख्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअर विभागात एकट्या माझ्या टीमला मिळालाय.

वहिनी: हो. आणि त्या कधीही बंद न पडणाऱ्या सेवेने आज सकाळी सांगितलं की तुमच्या आई अस्तित्वात नाहीत.

दीर: कोणाला सांगितलं?

वहिनी: माझ्या प्रोग्रामला. ऑपरेशनच्या वेळा मी सांभाळते, पेशंटच्या नोंदी तुम्ही. सकाळी माझ्याकडून नेहमीसारखी विचारणा गेली, की या नंबरच्या बाई आज पित्ताशयाच्या खड्यासाठी आहेत, नोंद पक्की आहे ना? तुमच्याकडून कोड आला, नॉट फाउंड. असा पेशंटच नाही. नाही म्हटल्यावर माझ्या प्रोग्रामने त्यांची वेळ रांगेतल्या पुढच्या माणसाला दिली. तो हर्नियावाला आता ऑपरेशनच्या टेबलावर आहे. आई खाली बाकावर आहेत. रात्रीपासून उपाशी.

दीर: दादा कुठंय?

वहिनी: त्यांच्याशेजारी बसून मला फोन करतायत. दर खेपेला एकच प्रश्न, झालं काय? मी म्हटलं, तुमच्या धाकट्या भावाला विचारून सांगते.

दीर: नोंद आहे हो. ही बघा ना, समोर. नाव, वय, रक्तगट, सगळं आहे.

वहिनी: सकाळी होती?

दीर: सकाळीही होती. फक्त सकाळी नोंदींचा डेटाबेस जरा दमला होता.

वहिनी: दमला म्हणजे?

दीर: बंद होता. थोडा वेळ.

वहिनी: म्हणजे तुम्हाला नोंद बघताच आली नाही.

दीर: तसं म्हणता येईल.

वहिनी: मग ‘नाही’ कसं म्हणालात? बघता आलं नाही तर त्याला वेगळा कोड आहे. अनअव्हेलेबल. आत्ता सांगता येत नाही, थोड्या वेळाने विचारा. दोन प्रोग्रामांनी एकमेकांना काय उत्तर द्यायचं याचे सतरा कोड शहाण्या माणसांनी बसून ठरवून दिलेत. तुम्ही तो दिला असता तर माझा प्रोग्राम आईंची वेळ धरून बसला असता, पुन्हा पुन्हा विचारत राहिला असता. शेजारच्या दाराला कुलूप दिसलं, तर ‘ते लोक वारले’ असं सांगतो का आपण?

दीर: तुमचा प्रोग्रामही थोरच आहे, वहिनी. एका ‘नाही’वर म्हातारीची वेळ दुसऱ्याला देऊन मोकळा. भाजीवालासुद्धा दोनदा विचारतो, नक्की नको ना?

वहिनी: मान्य. ते मी दुरुस्त करते. परक्याची सेवा असती तर दोनदा विचारलंच असतं. म्हटलं, घरचा माणूस आहे, खोटं कशाला सांगेल. आता सांगा, ‘नाही’ का?

दीर: ते मागच्या वर्षी मीटिंगमध्ये ठरलं.

वहिनी: कोणाच्या डोक्यातून?

दीर: साहेबांच्या. कोणाची सेवा किती चुकली ते दाखवणाऱ्या त्या भिंतीवरच्या स्क्रीनचा हिशेब तुम्हाला माहीत आहे. अनअव्हेलेबल म्हटलं की चूक आपली, पट्टी लाल. नॉट फाउंड म्हटलं की चूक विचारणाऱ्याची. त्याने नसलेलं मागितलं, त्याला आपण काय करणार? पट्टी हिरवी. साहेब म्हणाले, लाल फार दिसतंय. मग आम्ही...

वहिनी: डेटाबेस नीट केला.

दीर: उत्तर बदललं. एका ओळीचं काम होतं.

वहिनी: झाकली मूठ. आणि मुठीला वर कप.

दीर: तुम्ही हसताय.

वहिनी: हसत नाहीये. आज आणखी किती जणांना ‘नाही’ म्हणालात?

दीर: तेच तर कळत नाही.

वहिनी: का?

दीर: जे खरंच नाहीत आणि जे बघता आले नाहीत, दोघांनाही एकच कोड गेलाय. तांदळातले पांढरे खडे आहेत ते. निवडणार कसे?

वहिनी: म्हणजे खाली त्या बाकांवर आणखी कोणाची तरी आई बसलेली असेल.

दीर: असेल.

वहिनी: ती ओळ परत बदला. आत्ता.

दीर: डेटाबेस अजून मधूनमधून पडतोय, वहिनी. आत्ता बदलली तर भिंत लाल होईल, आणि जेवणानंतर संचालक येतायत. कप बघायला. उद्या बदलतो ना. उद्याचं पहिलं काम.

वहिनी: आणि दुपारच्या ऑपरेशनवाल्यांनी काय करायचं? उद्यापर्यंत नसायचं?

(वहिनीचा फोन वाजतो. ती तो स्पीकरवर टाकून कपाशेजारी ठेवते.)

आई: अगं सूनबाई, मी परत जाऊन आले खिडकीवर. ती मुलगी फार गोड आहे. म्हणते, आजी, तुम्ही नाही आहात. म्हटलं, बाळ, मी तुझ्यासमोर उभी आहे. म्हणते, हो, पण आत नाही आहात.

वहिनी: आई, भाऊजी इथेच आहेत.

आई: बरं झालं. काय रे, तुझं काम कधी बंद पडत नाही म्हणून सांगत असतोस ना सगळ्यांना? मग विचार तुझ्या मशीनला, मी आहे की नाही.

दीर: आहेस गं.

आई: मग ते नाही का म्हणतं?

दीर: त्याला बघता आलं नाही. बघता आलं नाही तर नाही म्हणायचं, असं मीच शिकवलंय त्याला.

आई: तुझ्यावर गेलंय. आतून कात्री आण म्हटलं की दारातूनच सांगायचास, नाहीये. आत जायचा कंटाळा. मग मी उठून गेले की कात्री तिथेच. ते राहू दे. माझं आज होणार आहे का? नसेल तर चहा घेते बाई, घसा सुकलाय. थोरला म्हणतो थांब, पण कशासाठी थांबायचं ते त्यालाही ठाऊक नाही.

दीर: एक मिनिट, आई.

वहिनी: काय करताय?

दीर: ओळ बदलतोय.

वहिनी: आणि संचालक?

दीर: कप बघायला येतायत, तर भिंतही बघतील. झाली. बघा.

वहिनी: अर्धी लाल झाली. आणि हे बघा, माझ्याकडे दुपारच्या वेळा जागच्या जागी थांबल्यात. एकही सोडलेली नाही.

दीर: साहेब केबिनमधून उठले.

वहिनी: उठू देत. तुम्ही त्यांच्याशी बोला. मी थिएटरच्या सिस्टरांना फोन करून विचारते, हर्नियानंतर जागा निघते का.

आई: अरे, कोणीतरी बोला माझ्याशी. चहा घेऊ की नको?

दीर: माहीत नाही, आई. आत्ता सांगता येत नाही. वहिनी विचारतायत. थोड्या वेळाने मी स्वतः खाली येऊन सांगतो, हो की नाही.

आई: बरं. मग थांबते. सकाळीच एवढं सांगायचं होतं ना कोणीतरी.